निरसं, धारोष्ण आणि तापवलेलं

कोल्हापुरात संध्याकाळ झाली की गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी उकिडवा बसतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात सरळ धार मारतो. पेला भरतो तो निम्मा दुधाने, निम्मा फेसाने. जवळच्या तालमीतला पैलवान तो एका दमात रिकामा करतो आणि पुन्हा पुढे करतो. कॉलेजच्या वर्षांत मीही तिथं पुष्कळदा उभा राहिलोय. लंगोट कधी कसला नाही, पण वरच्या ओठावर फेसाची मिशी घेऊन रंकाळ्याकडे चालत जाण्यात एक रुबाब होता. त्या दुधाने मला कधी काही झालं नाही.

ही आठवण निघाली ती पुण्यात, आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये. चौथ्या मजल्यावरच्या मुलीच्या हातात काचेची बाटली होती. देशी गाईचं, ए-टू प्रथिनाचं, शेतातून थेट घरात, कसलीही प्रक्रिया न केलेलं. दोन वर्षांच्या लेकाला ते न तापवता देते म्हणाली, कारण तापवलं की त्यातलं सत्त्व मरतं असं दूधवाल्यांनी सांगितलंय. मी भुवई उंचावली असावी. ती लगेच म्हणाली, "काका, तुम्ही तर कोल्हापूरचे. तुमच्याकडे सगळे तसंच पितात की!"

चौथा मजला येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, ते जरा लांब आहे.

पहिली गोष्ट शब्दांची. न तापवलेल्या दुधाला मराठीत चांगला शब्द आहे: निरसं दूध. कासेतून नुकतंच निघालेलं, अजून अंगाची ऊब असलेलं ते धारोष्ण. प्रत्येक धारोष्ण दूध निरसं असतं, पण प्रत्येक निरसं दूध धारोष्ण नसतं. बाटलीवाल्यांचा सगळा धंदा हा फरक पुसण्यावर चालतो. परंपरेचा दाखला द्यायचा धारोष्णाचा आणि विकायचं ते पहाटे काढलेलं, अनेक गाईंचं एकत्र केलेलं, थंड केलेलं, टेम्पोतून साठ-सत्तर किलोमीटर आलेलं निरसं दूध. जुन्या वैद्यांनी हा फरक चांगला ओळखला होता. सुश्रुतसंहितेत निरसं दूध पचायला जड आणि तापवलेलं हलकं मानलंय. त्याला अपवाद दोन, आईचं दूध आणि धारोष्ण. धार निवली की तो गुण उलटतो, हेही तिथंच सांगितलंय. भावप्रकाश हा ग्रंथ तर आणखी पुढे जातो. धारोष्ण घ्यावं ते गाईचं, म्हशीचं धार काढून निवल्यावर, शेळीचं तापवून थंड केल्यावर, असं तो सांगतो. म्हणजे गंगावेशीतला तो म्हशीचा ऊन पेलासुद्धा शास्त्राच्या आधाराने नाही, पैलवानांच्या आधाराने उभा आहे. पैलवानांशी वाद घालायची माझी छाती नाही, म्हणून तो मुद्दा इथंच सोडतो.

परंपरेची दुसरी बाजू स्वयंपाकघरात आहे, आणि तिची जाहिरात कुणी करत नाही. माझ्या आजीच्या घरी दूध आलं की ते आधी चुलीवर चढायचं. दूध तापवणं हे काम आहे असंही कुणाला वाटत नसे, दात घासण्यासारखंच ते. नंतर त्याची साय, सायीचं विरजण, विरजणाचं लोणी, लोण्याचं तूप, उरलेलं ताक. श्रीखंडाचा चक्का तापवलेल्या दुधाच्या दह्याचा, बासुंदी आटवलेल्या दुधाची, आणि व्यालेल्या गाईचा चीकसुद्धा आपण उकडून, खरवस करून खातो. निरसं दूध घरात येई ते देवासाठी, पंचामृतात, आणि प्रसाद म्हणून हातावर पडे ते पळीभर. युरोपात निव्वळ चवीसाठी निरशा दुधाचा कैवार घेणारे लोक आहेत. त्यांच्या काही जातींच्या चीजला न तापवलेलंच दूध लागतं, आणि चव बदलेल ही त्यांची तक्रार खरी आहे. आपल्या दुधदुभत्याचं अख्खं घराणं मात्र तापलेल्या पातेल्यातून जन्मलंय. तेव्हा परंपराच मोजायची तर कट्ट्यावरचा पेला एका पारड्यात आणि लाखो घरांतली रोजची पातेली दुसऱ्या पारड्यात ठेवून मोजावी.

पण परंपरेने काहीच सिद्ध होत नाही, ना माझ्या बाजूचं ना त्यांच्या. म्हणून माल्टाला जाऊ.

भूमध्य समुद्रातलं हे बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. तिथल्या गोऱ्या शिपायांना एक विचित्र ताप यायचा. चढायचा, उतरायचा, महिनोन्‌महिने पाठ सोडायचा नाही. दरदरून घाम, सांध्यांत ठणका, मन खचलेलं. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधून काढला. मेलेल्या शिपायांच्या प्लीहेत तो सापडला होता. पण जंतू माणसात शिरतो कुठून, ते कळेना. डास, धूळ, गटारं, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. आणि रोज सकाळी माल्टाच्या गल्ल्यांतून शेळ्यांचे कळप फिरत होते. दारासमोर शेळी उभी करायची, मालकिणीच्या भांड्यात तिच्या डोळ्यांदेखत धार काढायची, पुढच्या दारी जायचं. गंगावेशीचीच तऱ्हा. भेसळ नाही, शिळेपणा नाही, मधला दलाल नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टी डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं आणि त्या धडधाकट, तुकतुकीत शेळ्यांपैकी कित्येकींच्या अंगात तोच जंतू निघाला. त्यांच्या दुधात तो होता. त्याच वर्षी माल्टाच्या शेळ्या घेऊन अमेरिकेला निघालेल्या एका जहाजावर वाटेत खलाशांनी त्यांचं दूध प्यालं, आणि तेही तापाने पडले. १९०६ मध्ये लष्कराने शिपायांना शेळीचं दूध बंद केलं. छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. गावातल्या लोकांनी मात्र दूध पिणं चालूच ठेवलं आणि ताप सोसणंही.

या गोष्टीवर मी मुद्दाम रेंगाळतोय. स्वच्छतेचा मुद्दा मांडणारे लोक, मग ते निरशा दुधाच्या बाजूचे असोत की विरोधातले, एक गोष्ट हमखास विसरतात. दुधात जंतू दोन वाटांनी येतात. एक बाहेरून: शेणाने, हातांनी, भांड्यांनी, माशांनी. कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, ई. कोलाय ही मंडळी त्या वाटेने येतात, आणि गोठा चकचकीत ठेवला तर ती पुष्कळ कमी होतात. दुसरी वाट आतून आहे. जनावर स्वतःच बाधित असेल तर कास कितीही धुवा, पेला कितीही घासा, दूध निघतं तेच जंतू घेऊन. माल्टाच्या तापाचा जंतू, म्हणजे ब्रुसेला, तसा, गाईचा क्षय तसा. धारोष्णाने पहिली वाट बरीचशी बंद होते, दुसरी सताड उघडी राहते.

ब्रुसेलाची बाधा झालेली गाय बहुधा एकदा गाभडते. पशुवैद्यकात या रोगाला सांसर्गिक गर्भपातच म्हणतात. पुढच्या वेताला ती बरेचदा नीट विते, दूध देते, डोळ्यांना निरोगी दिसते, आणि दुधातून जंतू टाकत राहते. गाईचा हा जंतू आणि माल्टाच्या शेळीचा जंतू जवळचे नातलग आहेत, हे दाखवलं अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या ॲलिस इव्हान्सने. १९१८ मध्ये तिने ते छापलं आणि निरसं दूध माणसाला धोक्याचं असू शकतं असा इशारा दिला. पदवी नाही डॉक्टरकीची, त्यात बाई. इतका मोठा संबंध खरा असता तर आमच्या नजरेतून सुटला असता का, हा तज्ज्ञांचा पवित्रा. दूधवाल्यांना तर तो इशारा नकोच होता. १९२२ मध्ये प्रयोगशाळेतल्या कामातून तिलाच तो ताप जडला आणि पुढची वीसेक वर्षं तो तिला अधूनमधून पाडत राहिला. त्यातला सगळ्यात कडू भाग असा की, जुनाट ब्रुसेलाच्या रोग्यांना नेहमी ऐकावं लागतं ते तिलाही ऐकावं लागलं: हे सगळं तुमच्या मनाचं आहे.

गाईच्या क्षयाची कथा जरा वेगळी, पण वळण तेच. क्षयाचा जंतू शोधणारे खुद्द रॉबर्ट कॉख १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत म्हणाले की, गाईच्या क्षयापासून माणसाला फारसं भय नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने दहा वर्षं खपून त्यांना चूक ठरवलं. त्या काळच्या युरोपात लहान मुलांच्या मानेवर दिसणाऱ्या गंडमाळांमागे पुष्कळदा गाईचं दूधच असायचं.

आता कुणी म्हणेल, हा सगळा शंभर वर्षांपूर्वीचा मामला. आज युरोपातल्या कित्येक देशांत निरसं दूध कायद्याने विकलं जातं, त्याचं काय? विकलं जातं, खरं आहे. पण तिथं तो हक्क आधी कमावलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या गुरांची तपासणी करून, क्षय किंवा ब्रुसेला निघालेलं जनावर मारून, त्यांनी कळपच्या कळप रोगमुक्त करून घेतले. आपल्याकडे महाराष्ट्रात गाय मारायला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ पासून बैलालाही. त्या कायद्याचं तुम्हाला जे वाटायचं ते वाटो. पण त्याचा एक परिणाम असा की बाधित गाय कळपातून निघत नाही. श्रीमंत गोशाळा तिला वेगळी ठेवून पोसेलही, पण सामान्य शेतकरी ती विकून मोकळा होतो आणि ती दुसऱ्याच्या गोठ्यात जाते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ब्रुसेलाविरुद्ध चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना लस टोचायची मोहीम काढली, ती योग्यच. पण ती लस पुढच्या पिढीसाठी आहे. आज दावणीला उभ्या असलेल्या गाईबद्दल ती काही सांगत नाही. "आमच्या गाई देशी आहेत, मुक्त गोठ्यात आहेत, गवत खातात" याने ब्रुसेला ठरत नाही. गीर असो की जर्सी, जंतू वंशावळ बघत नाही. बाटलीवाल्याला विचारायचा प्रश्न एकच: प्रत्येक जनावराची ब्रुसेला आणि क्षयाची तपासणी शेवटची कधी झाली, कागद दाखवा.

मी हे एकतर्फी लिहितोय असं वाटत असेल तर थांबा, दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मला नाकारायचं नाही.

धोका मोठा आहे, पण वारंवार घडणारा नाही. अमेरिकेत १९९८ ते २०१८ या काळात निरशा दुधामुळे झालेले २०२ उद्रेक नोंदले गेले. त्यांत २,६४५ माणसं आजारी पडली, २२८ रुग्णालयात गेली, तिघं दगावली. नोंद न झालेले आजारी यापेक्षा बरेच असणार, हे धरूनही एवढ्या मोठ्या देशातला दोन दशकांचा हा आकडा हादरवणारा नाही. रस्त्यावरून दुचाकी चालवणारा पुणेकर रोज याहून मोठा जुगार खेळतो. म्हणून "निरसं दूध म्हणजे विष" असं ओरडणाऱ्यांवर लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. ज्याने वीस वर्षं प्यालंय त्याला विष म्हणून सांगणं हा त्याच्या अनुभवाचा अपमान वाटतो. शिवाय रोज पिणाऱ्या गोठेवाल्यांच्या अंगात कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूंविरुद्ध थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. गावातला मामा ठणठणीत राहतो आणि सुट्टीत आलेला शहरी भाचा तांब्या घेऊन पळतो, त्याचं हेही एक कारण.

फायद्याचा एक दावाही झटकून टाकण्यासारखा नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या ग्रामीण मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. शेतावरचं निरसं दूध पिणाऱ्या मुलांत दमा आणि ॲलर्जी कमी दिसली, गोठ्याच्या सहवासाचा परिणाम वेगळा काढूनही. तेच दूध तापवून पिणाऱ्यांत तो फरक दिसला नाही. याचा अर्थ दुधातल्या उष्णतेने बदलणाऱ्या काही प्रथिनांत काहीतरी असावं. मला हे फार रंजक वाटतं, आणि ते घटक जंतूंशिवाय कसे मिळवता येतील हे शोधायला हवं. पण अभ्यास करणाऱ्यांनीच शेवटी लिहिलंय की, रोगजंतूंच्या भीतीपोटी निरसं दूध प्या असा सल्ला देता येत नाही. जाहिरातीत या अभ्यासाचा पूर्वार्ध येतो, उत्तरार्ध गाळलेला असतो.

बाकीचे दावे मात्र पोकळ आहेत. तापवल्याने कॅल्शियम जात नाही, प्रथिनांचं पोषण जात नाही. काही ब जीवनसत्त्वं थोडी घटतात, क जीवनसत्त्वही घटतं, पण क जीवनसत्त्वासाठी दूध पिणारा माणूस मी अजून पाहिला नाही, त्याला आवळा आहे, लिंबू आहे. निरशा दुधात दूध पचवणारं विकर असतं, म्हणून दूध न सोसणाऱ्यांनाही ते चालतं, असंही सांगतात. दुधात तसलं विकर नसतंच. स्टॅनफर्ड विद्यापीठात दूध न सोसणाऱ्या १६ जणांवर हे तपासून झालं, निकाल २०१४ मध्ये आला, पोट निरशा दुधानेही तितकंच बिघडलं.

मग पारडं कुठं झुकतं? माझ्या मते ते सरासरीवर ठरत नाही, पेला कुणाच्या ओठाला लागतोय त्यावर ठरतं. ई. कोलायच्या एका घातक जातीने मोठ्या माणसाला चार दिवस हगवण लागते, आणि लहान मुलाची किडनी निकामी होऊ शकते. लिस्टेरियाने गरोदर बाईला साधी कणकण येते, आणि पोटातलं मूल जाऊ शकतं. ब्रुसेलाने माणूस सहसा मरत नाही, पण आधी टायफॉइडचे, मग क्षयाचे, मग संधिवाताचे उपचार घेत फिरतो. खरं निदान झाल्यावर दोन औषधं एकदम, निदान सहा आठवडे. इतकं सगळं पणाला लावून मिळतं काय, तर तापवलेल्या दुधात नाही असं जवळपास काहीच नाही. कट्ट्यावरचा पैलवान एक पेला पितो तो स्वतःच्या जबाबदारीवर, स्वतःच्या जिवावर, आणि त्याला त्याची नशा आहे. तो त्याचा हक्क आहे, मी त्याच्या आड येणार नाही. दोन वर्षांचं पोर मात्र वर्षाला ३६५ पेले पितं आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. एका पेल्याचा क्षुल्लक धोका ३६५ ने गुणला की तो क्षुल्लक राहत नाही.

त्यात बाटलीतलं दूध कट्ट्यावरच्या दुधापेक्षा वाईट. कट्ट्यावर एका म्हशीचं दूध एका पेल्यात जातं. बाटलीत वीस गाईंचं एकत्र होतं. त्यातली एक बाधित असली तरी सगळ्या बाटल्या बाटतात. आणि फ्रीजवर विसंबावं तर लिस्टेरिया थंडीतही वाढतो. अमेरिकेत २०२४ मध्ये दुभत्या गाईंना बर्ड फ्लू झाला आणि त्यांच्या दुधात तो विषाणू भरपूर सापडला. पाश्चरायझेशनने तो निष्प्रभ होतो, निरशा दुधाला तो बचाव नाही, आणि कॅलिफोर्नियात निरशा दुधाच्या बाटल्या परत मागवाव्या लागल्या. आपल्याकडे अजून तसं काही झालेलं नाही. पण पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या म्हशीचं दूध प्यालं म्हणून अख्खं गाव रेबीजच्या लशीसाठी रांगेत, ही बातमी आपण दर एक-दोन वर्षांनी वाचतोच. दुधातून माणसाला रेबीज झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रांगेत उभं राहणाऱ्याला हसू नये. दूध तापवलेलं असतं तर रांगच लागली नसती.

पातेल्यालाही मर्यादा आहेत, हे सांगितलं नाही तर मीच जाहिरात केल्यासारखं होईल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ च्या सर्वेक्षणात देशभरातले ६,४३२ नमुने तपासले. पाण्याशिवायची घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत निघाली, पण बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, ५.७ टक्क्यांत मर्यादेबाहेर होतं, आणि प्रतिजैविकांचे अंश १.२ टक्क्यांत. अफ्लाटॉक्सिन येतं बुरसटलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून. ते चुलीवर मरत नाही, पाश्चरायझेशननेही नाही. गाईच्या तोंडात काय जातं हे बघणारा गवळी असावा, ही बाटलीवाल्यांची मागणी इथं रास्त ठरते. चांगला गोठा, ओळखीचा शेतकरी, चांगली वैरण, त्यासाठी जास्त पैसे मोजायची तयारी: हे सगळं मला मान्य आहे. ते दूध आणून तापवण्यात मात्र त्यांची काय अडचण आहे ते मला कळत नाही.

दूध तापवायला शास्त्रही फार लागत नाही. डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद पुरतात. घरी एक उकळी आली, फुगून वर आलं, ढवळून गॅस बंद केला, लगेच निववून फ्रीजमध्ये ठेवलं की झालं. तासभर मंद आचेवर आटवत ठेवायची गरज नाही. तशी बासुंदी होते, ती वेगळ्या दिवसासाठी.

चौथ्या मजल्यावरच्या मुलीला हे सगळं सांगितलं, इतकं लांब नाही. ती बाटली अजून घेते. मी घेऊ नकोस म्हटलंही नव्हतं. दूध आता पातेल्यात जातं, आणि साय मुलाला फार आवडते, असं कळलं.

हाच तोडगा इटलीतल्या सरकारने काढला होता. तिथं २००० नंतर रस्तोरस्ती निरशा दुधाची यंत्रं बसली, नाणं टाका आणि बाटली भरा अशी. लहान मुलांच्या किडन्या निकामी झाल्याच्या काही घटनांनंतर २००८ च्या अखेरीला तिथल्या सरकारने यंत्रं बंद केली नाहीत. दूध तापवूनच प्यावं, अशी सूचना ठळकपणे लावायला लावली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ए-वन, ए-टूच्या दाव्यांवरून आदेश काढण्यात व मागे घेण्यात २०२४ चा ऑगस्ट घालवला. त्याऐवजी निरसं दूध विकणाऱ्या प्रत्येकाला, गाय कोणतीही असो, बाटलीवर तीन शब्द छापायला लावावेत: तापवून मगच प्या.